बिनकामाची हाक

"...पण काही बोलायचंच नव्हतं, तर फोन उचललात कशाला, रेब?"

रेब गेट्सल यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि कोटाच्या बाहीने त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

"बोललो की."

"एकच शब्द बोललात."

"एक पुरतो. तुझं लग्न झालेलं नाही, म्हणून तुला कमी वाटतो."

निसीम झिराडकर हसला नाही. तो एक शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता, आणि अनोळखी यिद्दिश शब्द कानावर पडला की त्या दिवशी निसीमला जेवण गोड लागत नसे.

यिद्दिश ही युरोपातल्या ज्यू लोकांची घरातली बोली. देवाशी बोलायचं ते हिब्रूतून. बायकोशी, कोंबड्यांशी आणि दारावर आलेल्या बोहाऱ्याशी यिद्दिशमधून. मग महायुद्ध आलं आणि ती बोलणारी गावंच्या गावं मारली गेली. घर पडून दाराची चौकट तेवढी उभी राहावी, तशी भाषा मागे राहिली.

त्या चौकटीशी निसीमचा जन्माने काही संबंध नव्हता. तो अलिबागेकडचा, झिराडचा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आईबाप इस्राएलला आले, लोद गावात राहिले, आणि निसीमला शाळेत घातलं.

शाळेत गोरी पोरं विचारत, तुम्ही कुठले ज्यू, तुमच्या डब्याला तर खोबऱ्याचा वास येतो. पुढचं ती आपसात यिद्दिशमध्ये बोलत आणि खिदळत. निसीमने तेव्हाच ठरवलं, एक दिवस ही भाषा अशी शिकेन की तुम्हाला तुमच्याच आजीची शिवी समजावून सांगेन.

शिकलाही. पण शिकून वर मान करून पाहतो तो काय, ती पोरं आता टकली झाली होती आणि आजीबरोबर आजीची भाषाही विसरली होती. गडी शड्डू ठोकून उभा, आणि आखाडा रिकामा.

मग त्याने दुसरा आखाडा शोधला. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून चालवलेला एक ऑनलाइन शब्दकोश होता. कुणीही यावं, शब्द घालावा, अर्थ लिहावा, बाकीच्यांनी तो तपासावा. दिवसा निसीम विमानाच्या कारखान्यात रिव्हेट तपासायचा, आणि घरी आला की कानाला हेडफोन लावून यिद्दिश शब्दांच्या नोंदी भरायचा. त्याच्याइतक्या नोंदी कुणाच्या नव्हत्या. त्याच्या नावापुढे तिथे एक पिवळा तारा झळकायचा. तारा पाहून रेब म्हणाले होते, नाझींनी आमच्याही कोटावर असा एक शिवायला लावला होता, तो मात्र आम्ही मागितला नव्हता.

लोदमध्ये असं सांगतात, की बाजारात दोन म्हाताऱ्या यिद्दिशमध्ये कडाकडा भांडत होत्या. निसीम मध्ये पडला. भांडण मिटवायला नव्हे. ती मघाची शिवी पुन्हा एकदा सावकाश द्याल का, असं विचारायला. भांडण तिथेच मिटलं. दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या, आणि तो मूठभर नव्या शिव्या घेऊन खुशीत घरी गेला.

रेब त्याला ज्या नावाने हाक मारत, त्याचं मराठी साधारण 'शब्दखाऊ' असं होईल.

रेब म्हणजे आपल्याकडे गुरुजी म्हणावं तसं. गेट्सल गुरुजींनी उभा जन्म पोरांना यिद्दिश अक्षरं शिकवली. पोरं कमी होत गेली. शेवटी एक शिष्य उरला, आणि तो निघाला कोकणातला.

"तो शब्द, रेब. मघाचा. पुन्हा म्हणाल?"

"काम काय आहे?"

"कोशात घालायचाय."

रेबनी चहात लिंबाची फोड पिळली. मग पुन्हा म्हणाले. निसीमने तो आपल्या फोनवर टेप करून घेतला. रेबनी सांगितलं, हा शब्द त्यांच्या गावाबाहेर कुणी ऐकला नसेल. तिथे आई भट्टीपाशी उभी असायची. हात पिठात, पोरं अंगणात. मधूनच ती एकेकाला हाक मारायची. काम काही नसायचं. पाणी आणायचं नाही, जळण आणायचं नाही. नुसती हाक. पोराने जागेवरून हा शब्द म्हणायचा आणि खेळत राहायचं.

"म्हणजे होकार," निसीम म्हणाला. "आमच्याकडे ओ देतात, तसा."

"तुमच्याकडे कामाच्या हाकेलाही ओ देतात का?"

"देतात."

"मग तसा नाही."

निसीम घरी आला आणि त्याने नोंद टाकली. अर्थ: हाकेला दिलेले उत्तर; होकार. शेजारी रेबचा आवाज जोडला. आई आतून, निस्या, अरं निस्या, असं म्हणत होती. त्याच्या कानाला हेडफोन होते. शेगुलाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, दोनदा हाक मारली आणि मग ती एकटीच भाकरी थापत बसली.

दुसऱ्या दिवशी निसीमने रेबना नोंद वाचून दाखवली.

रेब म्हणाले, "चूक."

"मग बरोबर काय?"

"तुला अजून माहीत नाही. मी सांगून काय होणार."

निसीमला राग आला, पण त्याहून मोठी अडचण कोशातून आली. तिथे नोंदी तपासणारी एक बाई होती, समुद्रापलीकडे कुठेतरी राहणारी, आणि स्वभावाने अशी की देवाने दहा आज्ञा दिल्या तर अकरावी कुठाय म्हणून विचारेल. तिने निसीमच्या नोंदीखाली लिहिलं: हा शब्द कुठल्याही छापील कोशात नाही. नियमाप्रमाणे दोन वेगळ्या माणसांचे आवाज हवेत. एकाच तोंडातला शब्द हा घरातला लाड असू शकतो. दुसरा आवाज ज्यूंच्या येत्या सणाच्या आत मिळाला नाही, तर नोंद काढून टाकू.

निसीमची एकही नोंद आजवर निघाली नव्हती.

हे त्याने रेबना सांगितलं ते थोडं मीठमसाला लावून. बाई तुम्हाला खोटं म्हणते, असंही सुचवलं. रेब चिडतील असं त्याला वाटलं होतं. रेब म्हणाले, बाई हुशार आहे. एका माणसाचा शब्द हा शब्द नसतोच.

"मग दुसरा माणूस द्या."

"एकच आहे. गीटल."

गीटल ही रेबची थोरली बहीण. ती हैफाला राहायची, तिसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे गेलेले, यांचे डोळे गेलेले. दोघं भेटून बरीच वर्षं झाली होती. पण संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला फोन व्हायचा. एक दिवस ती करायची, एक दिवस हे. करणाऱ्याने नुसतं नाव घ्यायचं. उचलणाऱ्याने तो शब्द म्हणायचा. फोन खाली. टेलिफोन कंपनीला या भावंडांनी जेवढं कमी कमावू दिलं, तेवढं कुणी दिलं नसेल.

"त्यांचा आवाज घेऊ द्या," निसीम म्हणाला. "एकदाच. मी फोन करतो, त्या शब्द म्हणतील, झालं."

"नाही म्हणणार."

"का? त्यांना येत नाही का?"

"तू काम घेऊन फोन करणार. कामाच्या फोनला ती हॅलो म्हणते."

"मग तुम्ही करा, मी बाजूला बसून टेप करतो."

"तरी कामच झालं."

"तुम्ही त्यांना सांगूच नका."

रेबनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी पाहिलं.

"मला तर माहीत असेल," ते म्हणाले.

निसीमच्या पायाखालची जमीन अशी सरकत चालली, आणि म्हातारा चहात लिंबू पिळत होता. निसीमने त्या संध्याकाळी रेबचं बोट कुठल्या कळांवर पडतं ते नीट पाहून ठेवलं. नंबर पाठ केला. फोनची पाळी रेबची नव्हती अशा एका दिवशी, दुपारीच, कारखान्याच्या जिन्याखाली उभं राहून त्याने हैफाला फोन लावला. दुसऱ्या हातात टेप चालू.

"हॅलो," गीटल म्हणाली.

निसीमने रेबचा आवाज काढून नुसतं नाव घेतलं. गीटल.

"कोण बोलतंय?"

"कुणी नाही. सहज."

मग म्हातारी म्हणाली, "काय पाहिजे तुम्हाला?"

"काही नाही. काही काम नाही."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. त्याच्याही आधी साखळी लावल्याचा आवाज आला, दाराची.

पुढच्या भेटीत रेबनी धडा घेतला नाही. पुस्तक बंदच ठेवलं.

"गीटलला एका माणसाचा फोन आला होता," ते म्हणाले. "काही काम नाही म्हणाला."

निसीम टेबलाच्या रेघा पाहत राहिला.

"ती दोन रात्री दिवा लावून झोपली. आमच्या दारात काम नसताना येणारे लोक आम्ही पाहिलेत, निसीम. येतात, नाव विचारतात..." ते थांबले. "आम्ही जंगलात होतो तेव्हा दोन खड्डे होते. एकात ती, एकात मी. वर पाला. बोलायचं नाही, असं सांगून ठेवलेलं. अंधार पडला की ती एकदा नाव घ्यायची. श्वासाएवढं."

"आणि तुम्ही..."

"मी होतो की नव्हतो, ते तिला तेवढ्याने कळायचं."

निसीमने क्षमा मागायला तोंड उघडलं. रेबनी हात वर केला आणि पुस्तक उघडलं. वाच, म्हणाले.

निसीमने वाचलं. पण खरं सांगायचं तर त्याचं मन पानावर नव्हतं. ते आपल्या नोंदीत काय सुधारणा करायची ते जुळवत होतं. 'युद्धकाळात लपलेल्या लोकांत प्रचलित' ही ओळ छान बसणार होती. दुसरा आवाज नसेना का, बाई या एका ओळीनेही विरघळली असती. त्याने ती ओळ त्याच रात्री टाकली. बाई विरघळली नाही. दुसरा आवाज, असं तिने पुन्हा लिहिलं.

सण आठवड्यावर आला होता, तेव्हा गीटल वारली. भाजी निवडता निवडता गेली. शेजारणीने खुर्चीत पाहिली तेव्हा मांडीवर अर्धी जुडी तशीच होती.

रेबच्या घरी सुतक बसलं. ज्यू लोकांत याला शिवा म्हणतात. सात दिवस दार नुसतं लोटलेलं, आरशांवर चादरी, सुतकी माणूस बुटक्या चौरंगावर, कोटाची कॉलर फाडलेली. येणाऱ्याने दार वाजवायचं नाही, नमस्कार करायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, तोंड उघडायचं नाही. सुतकी माणूस आधी बोलेल. तो बोलला तर आपण बोलायचं. नाही बोलला, तर बसायचं आणि उठून जायचं.

शेगुलाबाईंनी डबा भरला. त्यांच्यात मसूर लागतात ना रे, असं विचारत तिने मसुराची आमटी केली, अंडी उकडली. निसीम मान हलवून डबा घेऊन निघाला. आईने विचारलं, बहीण धाकटी की थोरली? तोवर तो जिना उतरला होता.

रेबच्या खोलीत तीन माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुणी बोलत नव्हतं. निसीमने डबा ओट्यावर ठेवला आणि बसला.

रेब जमिनीकडे पाहत होते.

बाहेर एक फेरीवाला टरबुजं विकत गेला. एक माणूस उठून गेला. दुसरा आला. खोलीत तेवढंच.

निसीमच्या खिशात फोन थरथरला. त्याला न पाहताही कळलं. सण उद्या संध्याकाळी लागणार होता, आणि बाई शब्दाची पक्की होती. आज रात्री नोंद जाणार. कोशातून शब्द जाणार, आणि शब्दाबरोबर पिवळ्या ताऱ्यावर पहिला डाग येणार. आता तर कायमचं झालं होतं. दुसरा आवाज मातीत गेला होता.

आपण हे या घरात बसून मोजतोय, याची त्याला लाज वाटली. लाज वाटली म्हणून विचार थांबले असं नाही.

संध्याकाळ होत आली. भिंतीला टेकलेली माणसं एकेक करून गेली. एक शेजारी तेवढा उरला, हातात चहाचा पेला धरून, न पिता.

रेबनी मान वर केली.

"विचार," ते म्हणाले.

निसीमने येताना वाक्य घोकून ठेवलं होतं. गीटलबाईंना शेवटी त्रास तर झाला नाही ना. मी त्यांना घाबरवलं, रेब, त्याची क्षमा करा. दोन्ही वाक्यं तोंडापर्यंत आली होती. बाहेर पडलं ते भलतंच.

"रेब... त्यांचा आवाज कुठे राहिलाय का? एखाद्या टेपवर... कुणाच्या फोनवर..."

शेजाऱ्याने पेला खाली ठेवला. त्याचा आवाज खोलीभर झाला.

रेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते चौरंगावरून उठले. सुतकात माणूस कुणासाठी उठत नाही. राजा आला तरी बसून राहतो, असं शास्त्र आहे. रेब उठले, भिंतीचा आधार घेत फोनपाशी गेले. खिडकीत दिवेलागणीचा उजेड होता. त्यांनी रिसीव्हर उचलला, आणि न पाहता एकेक कळ दाबली. कुठला नंबर ते निसीमला बोटांवरूनच कळलं.

"रेब, नको..."

रेबनी रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

"विचार तिला."

पलीकडे घंटी वाजत होती.

हैफात, तिसऱ्या मजल्यावर, बंद खोलीत ती वाजत होती. किल्ली शेजारणीकडे. खुर्ची असेल. भाजी कुणी उचलली असेल किंवा नसेल. घंटी थांबायची, पुन्हा वाजायची, आणि त्या दोन घंट्यांच्या मधली जागा दर वेळी मागच्याहून मोठी वाटत होती.

निसीमने रिसीव्हर ठेवायला हात हलवला. रेबचा हात त्याच्या हातावर होता. कागदासारखा हलका, पण तो तिथून हलला नाही.

घंटी वाजत राहिली.

निसीम काय विचारायचं ते विसरला. मग विसरलो, हेही विसरला. खिशातला फोन पुन्हा थरथरून गप्प झाला, तो त्याला कळला नाही. त्याला आता म्हातारीकडून काही नको होतं. तिने उचलावं. हॅलो म्हणावं, कोण बोलतंय म्हणावं, शिवी द्यावी, काहीही.

शेजारी कधी उठून गेला ते दोघांनाही समजलं नाही. उजेड खिडकीतून गेला.

"रेब," निसीम म्हणाला. "ओ येत नाही."

हे तो मराठीत म्हणाला. त्याच्या ते लक्षात आलं नाही, आणि मराठीचं अक्षर न कळणाऱ्या रेबनी मान हलवली.

मग त्यांनी त्याच्या हातावरचा आपला हात काढून घेतला.

"आता तुला माहीत आहे. लिही."